लीलाबाईंच्या डोळ्यांपुरतं सोनं

मी एक जुना कुंचला आहे, मित्रांनो. भिंतीचा नव्हे, चित्राचाही नव्हे. केकवर सोनं चढवणारा. माझे केस बाळाच्या जावळासारखे मऊ होते. आता काही उरलेत, काही गळून गेले.

अकोल्याच्या फरजानाने मला पहिल्यांदा हातात घेतलं, तेव्हा तिला सोनं जमत नव्हतं. खायची सोनेरी भुकटी तिने पाण्यात कालवली, तर ओघळ आले. तुपात कालवली, तर ती वाळेचना. पांढऱ्या केकवर सोनं आजाऱ्यासारखं फिकट दिसे. महिनाभर आम्ही दोघं हरत होतो. मग एक दिवस तिने साखरेच्या आवरणालाच आधी गडद पिवळा रंग दिला, भुकटीत लिंबाच्या अर्काचे चार थेंब टाकले आणि मला हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवलं. अर्क उडाला, सोनं राहिलं. वाळल्यावर दुसरा हात दिला. केक चिंचेने घासलेल्या तांब्यासारखा लखलखला.

"माशाअल्ला!" ती म्हणाली, आणि मला गालाला लावलं.

अमरावतीपर्यंत आमचं नाव झालं. काम संपलं की ती मला कोमट पाण्यात धुई, फडक्यावर आडवं निजवी. सुखाचे दिवस होते ते.

मग मे महिन्यात शेजारचे नत्थुजी आले. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. त्यांच्या पत्नी लीलाबाईंची नजर काचबिंदूने विझत आली होती; माणसं दिसत नव्हती, झळझळीत वस्तू तेवढी दिसे.

"फरजाना बेटा, गोड कमी असलं तरी चालते," नत्थुजी म्हणाले, "पण असं चमकव का तिले दिसलं पायजे. डाक्टर म्हनते, दिवाळीपरेंत एवढी नजरबी उरनार नाही."

लीलाबाई दारातूनच हसल्या. "पन्नास वर्सांत या बुढ्यानं मले पायातली एक चांदीची मासोळी नाही घडवली, अन् आता खाचं सोनं आनून राह्यला!"

लग्नाच्या वाढदिवशी फरजानाने मला केकवर तीनदा फिरवलं. इतकं सोनं मी कधी वाहिलं नव्हतं. पण दुसऱ्या गिऱ्हाइकाचा केक न्यायला आलेली रिक्षा दारात भोंगा वाजवत होती. तिने मला न धुता, सोन्याने माखलेलं, तसंच डब्यात टाकलं आणि डबा सोबत घेतला. नत्थुजींकडे केक पोचवून ती रिक्षाने दुसरा केक द्यायला गेली.

तासाभराने आम्ही नत्थुजींच्या घरी परतलो. खोलीत गारवा होता. ऊन फार, केक वितळेल, म्हणून नत्थुजींनी तो कूलरच्या अगदी पुढ्यात ठेवला होता. कूलरच्या ओल्या वाऱ्याने साखर पाझरली होती, आणि सोनं ओघळून ताटात उतरलं होतं.

"काकाजी, हे काय केलं!"

"मले वाटलं, थंडा राहीन..." नत्थुजींनी कूलर बंद केला.

फरजानाने घाईघाईने मला काढलं. पण उन्हाने तापलेल्या डब्यात वाळून माझे केस काटक्या झाले होते. तिने मला फिरवलं आणि मी ओल्या साखरेवर ओरखडे काढले. उरलंसुरलं सोनंही माझ्याच अंगाने खरवडलं गेलं.

तेवढ्यात शेजारणी लीलाबाईंना हाताला धरून घेऊन आल्या. "नाव घ्या, काकू!"

टेबलावर केकशेजारी स्टीलची परात होती. खिडकीतलं ऊन तिच्यावर पडलं होतं. लीलाबाईंनी परातीकडे तोंड केलं. चेहरा उजळला.

"आवं माय! काय झळकून राह्यलं!"

आणि त्यांनी मनात जुळवून ठेवलेला उखाणा घेतला,

"डोयात दाटला अंधार, सोन्यानं केला उजेड,
नत्थुजीचं नाव घेते, अजून त्याइचं वेड."

नत्थुजींनी हलकेच केक परातीत उचलून ठेवला आणि बायकोचा हात सुरीवर नेला. "हो वं," ते म्हणाले, "लय झळकून राह्यलं." फरजानाने मला मुठीत आवळलं.

पावसाळ्यात लीलाबाईंना परातही दिसेनाशी झाली.

मित्रांनो, नत्थुजींना बोल लावू नका. त्यांनी मायेनेच कूलर लावला होता. फरजाना आता मला रोज धुते. पण एकदा ताठलेले केस पुन्हा तसे होत नाहीत. तुमच्यासाठी राबणारं जे काही असेल, कुंचला, विळा, सुई, ते आधी धुवा, पुसा, नीट ठेवा, मगच उंबरा ओलांडा. रिक्षा दारात थांबली असती. लीलाबाईंचे डोळे थांबले नाहीत.