मस्तकाच्या मागचं बोट

गोदामात मुंगी शिरायला जागा नव्हती. मधल्या चौथऱ्यावर काळ्या लाकडाचं एक मस्तक ठेवलेलं, डोळे मिटलेले, ओठ किंचित उघडे. शेजारी बाबा मुकाट बसला होता. बोलायचं काम मस्तकाचं आणि मस्तकाविषयी बोलायचं काम शिष्याचं, अशी वाटणी होती.

"तीन हजार वर्षांची झोप मोडून महाराज जागे झालेत!" शिष्य घसा ताणत होता. "मोबाइल बंद करा! लहरींनी महाराजांचं डोकं दुखतं."

"नुसतं डोकंच तर आहे, दुसरं दुखणार काय?" मागे कुणीतरी पुटपुटलं आणि शेजाऱ्याचं कोपर खाऊन गप्प झालं.

हसण्याची वेळ नव्हतीच. वस्तीत मुलं जुलाबानं आणि तापानं दगावत होती. आदल्याच दिवशी वेल्डरची धाकटी लेक गेली होती. तो सर्वांत पुढे उभा होता, हातात सळई, डोळे तांबारलेले.

"महाराज, माझं लेकरू कुणी खाल्लं?"

शिष्य चौथऱ्यामागच्या कापडी पडद्याआड सरकला. मस्तकाचे ओठ हलले नाहीत. पण लाकडाच्या आतून जड, संथ आवाज आला, "पांढऱ्या कपड्यातली. सुई टोचते ती."

गर्दीत उभे असलेले शाळेचे मास्तर टाचा उंचावून दाराकडे बघू लागले. दवाखान्यातली नर्स म्हणजे त्यांची थोरली बहीण. ताई तिथंच दारापाशी उभी होती. 'पाणी उकळून प्या' एवढं सांगायला आली होती आणि मास्तर तिला घरी न्यायला आले होते.

"हीच ती! हिनंच टोचलं पोरांना!"

कुणीतरी तिचे केस धरले. कुणी पाठीत लाथ घातली. ताई गुडघ्यावर आली, तोंडावर हात धरला, आणि त्या हातावर वेल्डरची सळई बसली. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. पुढच्या बायकांनी तो ऐकला, तरी एकही मागे सरली नाही.

मास्तर धावले. गर्दीतून वाट काढतानाही 'जरा जाऊ द्या हं' म्हणणारा हा माणूस. पहिल्याच गुद्द्यात चष्मा फुटला, दुसऱ्यात ओठ. लोकांच्या पायांखाली तुडवले जात ते एका बाकाखाली ढकलले गेले. रक्तानं ओल्या बोटांनी त्यांनी फोन काढला. तो बंद करायचा राहूनच गेला होता. पोलीस म्हणाले, "निघतोय, पण वेळ लागेल."

वेळ कुठं होता! ताईची किंकाळी आता घोगरी झाली होती.

तेवढ्यात त्यांची नजर फोनच्या स्क्रीनवर गेली. जवळच एक नवं वायफाय सापडलं होतं, आणि त्याचं नाव मास्तरांच्या चांगलंच ओळखीचं होतं. शाळेत मुलांसोबत त्यांनी पत्त्याच्या कॅटाएवढा एक संगणक बसवला होता. सगळा संसार एकाच हिरव्या पट्टीवर. त्यावरचं सॉफ्टवेअर जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, फुकट, आतलं सगळं कुणालाही वाचायला खुलं. फोनवर लिहावं आणि त्यानं मोठ्यानं वाचावं. शाळेतल्या सूचना तशाच वाचून दाखवल्या जायच्या. पहिल्या दिवशी ते सॉफ्टवेअर स्वतःच्या वायफायला हेच नाव देतं. मास्तर मुलांना बजावत, "आधी मूळ पासवर्ड बदला. तो माहितीच्या पानावर छापलेला असतो, जगाला ठाऊक असतो."

देवाच्या एजंटांनी ते पान वाचलं नव्हतं. मास्तरांनी मूळ पासवर्ड घातला आणि दार उघडलं. लिहायच्या चौकटीत शेवटचं वाक्य अजून तसंच होतं: 'पांढऱ्या कपड्यातली. सुई टोचते ती.'

त्यांनी आधी पासवर्ड बदलला. मग लिहिलं.

"थांबा," मस्तक गरजलं. "ती निर्दोष आहे."

उगारलेले हात जागीच राहिले. बाबानं चमकून शिष्याकडे पाहिलं. शिष्य पुन्हा पडद्यामागे पळाला आणि तिथं फोनवर बोटं आपटत बसला; नवा पासवर्ड त्याला ठाऊक नव्हता.

मास्तरांनी श्वास सोडला. झालं, वाचली. पण वेल्डर मस्तकासमोर हात पसरून उभा राहिला. "मग कोण, महाराज? मग कोण?"

"ही!" गर्दीनं कचरा वेचणाऱ्या म्हातारीला पुढे फेकलं. "रोज आमच्या दारात बसते!"

सळई पुन्हा वर गेली. मास्तरांना कळून चुकलं: हे खोटं आपल्या बाजूनं बोललं, तरी कुणाचं तरी डोकं फुटणारच.

त्यांनी लिहिलं. मस्तक बोललं, "मी देव नाही. मी यंत्र आहे. हे शाळेचे मास्तर लिहिताहेत, बाकाखालून. म्हातारीला सोडा. माझी मागची फळी उघडा."

वेल्डरनं फळी उघडली नाही. त्यानं सळईनं मस्तकच फोडलं. ढलप्यांतून हिरवी पट्टी, बॅटरी आणि वाटीएवढा स्पीकर घरंगळत बाहेर आले. बारीक दिवा लुकलुकत होता.

"हे बघा," स्पीकर म्हणाला.

सगळे बाबावर तुटून पडले. शिष्याला पडद्यासकट ओढून आणला. त्याचे दोन दात जमिनीवर सांडले. मौनी बाबाला अचानक वाचा फुटली, "मेलो! मारू नका!"

"बस्स!" लोंबता हात छातीशी धरून ताई उठली आणि बाबाच्या आडवी उभी राहिली. "ह्याला ठेचून कुणाचा ताप उतरणार आहे? पोलीस येताहेत, त्यांच्या ताब्यात द्या. आणि त्या टाकीचं पाणी पिऊ नका. गटार शिरतंय त्यात. महिनाभर ओरडतेय मी!"

हात खाली आले. वेल्डर चौथऱ्यावर मटकन बसला.

"मास्तर, हे काहीही बोलतं?"

"लिहाल ते बोलतं, दादा. त्याला स्वतःला काही कळत नाही."

"म्हणजे माझी पोर..."

"पाण्यानं गेली, भाऊ," ताई हळूच म्हणाली.

त्यानं मास्तरांचा फोन मागून घेतला. ठिणग्यांनी भाजलेलं जाड बोट एकेका अक्षरावर थांबत राहिलं. मग स्पीकरमधून तोच जड, संथ, दैवी आवाज आला, "बाईंचा हात मी मोडला."

या वेळी कुणी हात जोडले नाहीत. दारात पोलीस येऊन उभे होते.

"कोण बोललं हे?"

"मी," वेल्डर म्हणाला आणि उठून उभा राहिला.

कोण बोललं हे? इतकी साधी गोष्ट त्या गोदामात सळई उचलण्याआधी एकानं जरी विचारली असती, तर ताईचा हात शाबूत राहिला असता. लाकूड बोलो, दगड बोलो, आधी तेवढं विचारा.