चष्मेवाल्या कोंबड्याची मालकी

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे रॉकेट म्हणतात. शाळेत प्रश्नपत्रिका पुरती वाचायच्या आत तो उत्तरं लिहायला घ्यायचा, म्हणून. उत्तरं बहुतेक भलत्याच प्रश्नांची असायची, पण पेपर सगळ्यांच्या आधी द्यायचा. मोठेपणीही फरक पडला नाही. कुठलंही नवं खूळ निघालं की पहिली उडी त्याची. मध्यंतरी झोपेत परकी भाषा शिकवणारी उशी त्याने आणली होती. ती अजून आमच्याकडे आहे. तिच्यामुळे मान दुखते, आणि ती मराठीतच दुखते.

तर एका रविवारी सकाळी हा आमच्याकडे आला. आल्या आल्या बेसिनवर गेला, साबण लावून हात धुतले, कोरडे केले आणि मगच खिशातून फोन काढला. मला वाटलं, कुणाला तरी बाळ झालं.

"दादा, आधी बस. उभ्याने बघायची चीज नाही ही."

मी बसलो. फोनवर एक कोंबडा होता. त्याने चष्मा लावला होता.

"छान आहे," मी म्हणालो.

"छान? अरे, माझा आहे हा! विकत घेतलाय."

"फोन?"

"कोंबडा!"

मग त्याने मला एनएफटी समजावून सांगितली. म्हणजे असं, की चित्र संगणकावर असतं. ते जगात कुणालाही दिसतं, कुणीही उतरवून घ्यावं, फोनला लावावं, छापून भिंतीवर चिकटवावं. पण त्याची मालकी एकाचीच. तशी नोंद असते, ती जगभरच्या संगणकांवर असते आणि कुणाच्या बापाला खोडता येत नाही.

"म्हणजे चित्र सगळ्यांकडे, आणि तुझ्याकडे पावती," मी म्हणालो.

"पावती नाही रे. मालकी!"

"मग मी आत्ता हे चित्र माझ्या फोनवर घेतलं तर?"

"घे की. पण ते तुझं नसेल."

"आणि तुझ्या फोनवरचं?"

"हे माझं."

दोन्हीत फरक काय, असं विचारणार होतो, पण त्याच्या चेहऱ्यावर नव्या नवरदेवाचं तेज होतं. अशा माणसाला प्रश्न विचारू नयेत. शिवाय या कोंबड्यापायी त्याने आपली मोटारसायकल विकली होती आणि तो आमच्याकडे बसने आला होता, हेही ओघात कळलं.

माझं चष्म्याचं दुकान आहे. त्यामुळे माणूस असो वा कोंबडा, माझी नजर आधी चष्म्यावर जाते. हा चष्मा मला ओळखीचा वाटला. काड्यांच्या ऐवजी दोरी होती, ती तुऱ्यामागे गाठ मारून बांधलेली होती, आणि उजवी काच डावीपेक्षा जाड होती. मी बायकोला हाक मारली.

माझी बायको मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. ती बाहेर आली तेव्हा बोटांना निळी शाई लागलेली होती. तिने फोनकडे पाहिलं.

"अगंबाई, हा तर माझा कोंबडा!"

"नाही वहिनी," रॉकेट हसून म्हणाला, "माझा."

"अहो भाऊजी, मी काढलाय तो. त्या गोष्टीच्या पुस्तकात. चांदणं आणि उजेड यातला फरक कळत नाही म्हणून अवेळी आरवणारा कोंबडा. कोंबड्याला चष्मा अडकवायला कानाची पाळी नसते, म्हणून दोरी बांधायची हे यांनीच सुचवलं होतं. उजवा नंबर जास्त, हेही यांचंच."

"बघितलंत?" मी म्हणालो. "नंबर अजून तोच आहे."

बायकोने आत जाऊन कपाटातली जाड पुठ्ठ्याची फाइल आणली आणि त्यातून कागद काढला. तोच कोंबडा. पेन्सिलीच्या पुसट रेघा दिसत होत्या, एका पंखावर पांढऱ्या रंगाने चूक झाकली होती. कागदाला शाईचा वास होता. रॉकेटने तो कागद दोन बोटांत धरला, उलटा करून पाहिला, उजेडासमोर धरला.

"पण वहिनी, याला काही प्रमाणपत्र?"

"कशाचं?"

"हा अस्सल असल्याचं."

बायको माझ्याकडे बघायला लागली. मी छताकडे बघायला लागलो.

"अहो, अस्सल म्हणजे हाच ना? हा हाताने काढलाय. हवा तर घेऊन जा, तुम्हाला असाच देते."

"नको," तो अवघडून म्हणाला. "गैरसमज करून घेऊ नका, पण हा कागद आहे. उद्या भिजेल, फाटेल. आणि खरं सांगायचं तर, असे कागद फिरायला लागले तर माझ्या कोंबड्याच्या किमतीवर परिणाम होईल."

त्यानंतर जेवणं झाली. वाढताना बायकोने त्याला नेहमीसारखा आग्रह केला नाही.

कुणीतरी पुस्तकातलं पान उघडपणे उचलून, रंग थोडे भडक करून, विकायला ठेवलं होतं हे तर स्पष्ट होतं. बायकोने त्या विक्रीच्या साइटला कळवलं. त्यांचं उत्तर फार मायाळू होतं. तुमच्या भावना आम्ही समजू शकतो, असं लिहिलं होतं, आणि चित्र तुमचंच असल्याचा पुरावा पाठवा. तिने मूळ कागदाचा आणि पुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवला. यावर तुमचं नाव कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. कागदावर सही करायची तिला सवय नाही, आणि पुस्तकात नाव नव्हतंच. प्रकाशकाने पुस्तकात कागदवाल्याचे आणि बांधणीवाल्याचे आभार मानले होते, चित्रकाराचं नाव तेवढं राहून गेलं होतं. पुढच्या आवृत्तीत नक्की टाकू, म्हणाले होते. पुढची आवृत्ती काही निघाली नाही.

"सोडून दे," मी म्हणालो.

"सोडलंच आहे," ती म्हणाली, आणि जोरजोरात रबर घासायला लागली.

मग रॉकेटने आम्हाला निमंत्रण दिलं. असे कोंबडे, माकडं आणि कासवं बाळगणाऱ्यांचा एका हॉटेलच्या हॉलमध्ये मेळावा होता. आपली मालकी आप्तेष्टांनी डोळ्यांनी पाहावी, अशी त्याची फार इच्छा. बायको येणार नाही, असं मला वाटलं होतं. ती ठेवणीतली साडी नेसून तयार झाली.

हॉलमध्ये अंधार केला होता आणि भिंतींवर मोठमोठे पडदे होते. एका पडद्यावर सिगारेट ओढणारं कासव, एकावर रडणारा बटाटा, आणि मधोमध आपला कोंबडा. लोक हातात पेले घेऊन त्यांच्यासमोर उभे राहत आणि मान डोलावत. चित्राविषयी कुणी बोलत नव्हतं. कितीला घेतलं, कितीला जाईल, एवढंच. मंडईत कोथिंबिरीबद्दलही याहून जास्त बोलतात. निदान जुडी हुंगून तरी बघतात.

स्टेजवर सोनेरी बुटांतला एक सूत्रसंचालक होता. कोंबड्याची पाळी आली तसा त्याने आवाज खाली आणला.

"या कलाकृतीचा निर्माता कोण, कुणालाच माहीत नाही. असं म्हणतात की तो एका डोंगरावर एकटाच राहतो. तो कुणाशीही बोलत नाही. कोंबड्याचा चष्मा म्हणजे आधुनिक माणसाचं आंधळेपण आहे."

"उजव्या डोळ्याचा नंबर आहे तो," बायको म्हणाली.

ती हळू बोलली असती तर निभावलं असतं. सगळे वळले. ती उठून उभी राहिली. "आणि निर्माता डोंगरावर राहत नाही. तिसऱ्या मजल्यावर राहते. हे चित्र मी काढलंय."

हॉलमध्ये हशा पिकला. सूत्रसंचालक मोठा हजरजबाबी. "वा! मग आम्हालाही एक काढून दाखवा!"

बायकोने पर्समधून पेन काढलं, पेल्याखालचा कागदी रुमाल ओढला आणि उभ्या उभ्या कोंबडा काढला. तुरा, चोच, दोरी, गाठ, जाड काच. एकही रेघ थबकली नाही. बाजूच्या लोकांनी माना लांब केल्या. सूत्रसंचालकाने तो रुमाल हातात घेतला आणि सगळ्यांना उंच धरून दाखवला.

"अप्रतिम! हुबेहूब! टाळ्या वाजवा आपल्या या ताईंसाठी. मूळ कलाकृतीवर इतकं प्रेम करणारी माणसं आहेत, म्हणून तर हा बाजार उभा आहे!"

टाळ्या वाजल्या. खूप वाजल्या.

बायकोने टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही. ती रॉकेटकडे बघत होती. तो पहिल्या रांगेत, गळ्यात 'मालक' लिहिलेली पट्टी घालून बसला होता. त्याला सगळं माहीत होतं. कागद त्याने स्वतः उजेडासमोर धरून पाहिला होता. त्याने फक्त उठून म्हणायचं होतं, की हो, ही माझी वहिनी, आणि ती खरं बोलतेय. पण तसं म्हटलं तर त्याचा कोंबडा चोरीचा ठरला असता, आणि तेही भर बाजारात. रॉकेट आपल्या बुटांच्या नाड्या बघत राहिला.

आम्ही रिक्षाने परत निघालो. घराजवळ आल्यावर ती म्हणाली, "परका माणूस हसला तर काही वाटत नाही हो."

त्यानंतर रॉकेट आमच्याकडे यायचा बंद झाला. मी फोन केला तर तो घाईत असे. दरम्यान, अशा चित्रांचे भाव उतरायला लागल्याचं कानावर आलं. आधी बटाटा पडला, मग कासव. कालपर्यंत ज्यांना कलाकृती म्हणत होते, ती चित्रं मालक मंडळी आता गळ्यातली धोंड म्हणून एकमेकांच्या गळ्यात घालू बघत होती. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, तसं झालं.

असाच एका दुपारी रॉकेट दुकानात आला. गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरवरची एक फ्रेम उचलून उगाच काड्या उघडमीट करत बसला.

"मोडशील," मी म्हणालो.

"दादा, गिऱ्हाईक आलं होतं. कोंबड्याला. अर्धी किंमत देत होता."

"मग? सुटलास की."

"मी त्याला सांगितलं, की हे चित्र चोरीचं आहे. माझ्या वहिनीने काढलंय, आणि तिला कुणी विचारलंही नाही."

मी हातातली काच खाली ठेवली. "मग तो पळाला असेल."

"कसला पळतोय! म्हणाला, चोरीचं? मग तर याला इतिहास आहे! वर आणखी द्यायला तयार झाला."

मला हसू आवरेना. तो हसला नाही.

"मला काय वाटलं कुणास ठाऊक. त्या हॉलमध्ये सगळे टाळ्या वाजवत होते ना, तसंच वाटलं. मी म्हटलं, नाही विकायचा. आणि काल ती साइटच बंद पडली. आता माझ्या फोनवर चित्राच्या जागी नुसता करडा चौकोन दिसतो. तो करडा चौकोन मात्र माझाच आहे, त्याची नोंद पक्की आहे."

आयुष्यभर या माणसाने घाई केली. जेव्हा विकायची घाई खरंच करायला हवी होती, नेमकं तेव्हा त्याला थांबावंसं वाटलं. मी दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि त्याला घरी घेऊन गेलो.

बायको टेबलाशी काम करत होती. तिने मान वर केली नाही. रॉकेट दारातच उभा राहिला आणि त्याने सगळं एका दमात सांगितलं, मागची ओळ पुरी न करताच पुढच्या ओळीला जात, शाळेत लिहायचा तसं. शेवटी म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"हो, हवं होतं," ती म्हणाली.

मग तिने ब्रश पाण्यात बुडवला आणि पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

"पण विकायचा होता हो! तो चोरीला भाव देत होता, तर घ्यायचा होता. निदान मोटारसायकलचं चाक तरी परत आलं असतं." आणि एवढं बोलून ती जी हसायला लागली, ती डोळे पुसेपर्यंत. रॉकेट आधी बावरला, मग त्यालाही हसू फुटलं.

"बसा तिथे स्टुलावर," ती डोळे टिपत म्हणाली. "मला चित्रांसाठी वाळवंटाची गोष्ट आलीय. मान जरा लांब करा. अशी. खालचा ओठ सैल सोडा."

"काय काढताय?"

"उंट."

रॉकेट क्षणभर विचारात पडला. मग त्याने मान आणखी थोडी लांब केली.