तांबड्या चिंध्यांचं रिंगण

मेंढवाड्याभोवती सगळी वस्ती लोटली होती. माणसं कुंपणाला रेलली होती, पोरं बापांच्या खांद्यावर चढली होती, आणि लांडग्यांचा बंदोबस्त करायला बोलावलेले लांडगेबुवा दोरीला तांबड्या चिंध्या बांधत, तोंडाने पुटपुटत, उलट्या पावलांनी वाड्याला फेरी घालत होते. कडेवर तान्हं घेतलेली वाड्याच्या मालकांची धाकटी सून इतरांसारखीच श्वास रोखून बघत होती.

"लांडगा म्हणजे काय हो? चार पायांची भूक," बुवा म्हणाले. "आमच्या गुरूंनी त्याच्या कानात सांगून ठेवलंय, ही चिंधी दिसली की मागे फीर. खुशाल पांघरूण ओढून झोपा. तेवढा अपवित्र हात लागू देऊ नका. लागला, तर मग मी बांधील नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी हळू आवाजात म्हटलं, आणि हळू म्हटलेलं ऐकतो कोण?

चमत्कार मात्र घडला. सकाळी चिखलात लांडग्यांच्या पावलांची रांग दिसली. दोरीपर्यंत आली होती, वाड्याला वळसा घालून आल्या वाटेने परत गेली होती. आत एकही पाऊल नाही. सासऱ्यांनी तिथेच हात जोडले, आणि कालपर्यंत नाक मुरडणाऱ्या शेजाऱ्यांनीही बुवांना निरोप धाडले.

पुढच्या आठवड्यात बाळाला ताप भरला. ते दूध घेईना, रडून रडून काळंनिळं व्हायचं. धाकटी दिवसभर त्याला खांद्यावर टाकून फिरली आणि संध्याकाळी, सगळे दूध काढण्यात गुंतलेले असताना, फाटकाजवळची एक चिंधी तिने हळूच सोडवली. रिकामी जागा दिसू नये म्हणून जुन्या झग्याच्या तांबड्या अस्तराची पट्टी फाडून तिथे बांधली. बुवांची चिंधी पाळण्याला. दोन दिवसांत ताप उतरला. बाळ हसलं, तशी तिची नजर मेंढवाड्याकडे गेली. मेंढरांची राखण चोरून आपण लेकराला दिली, हे तिला पक्कं कळलं होतं.

महिना गेला, वर काही दिवस गेले. वाड्याशी पावलं उमटत आणि परत जात. तिची भीती जरा निवळायला लागली, आणि नेमक्या त्याच सुमारास एका सकाळी वाड्यात दोन मेंढ्या फाडलेल्या सापडल्या. त्यांतल्या एकीचं कोकरू आईच्या थंड पोटाला ढुशा देत होतं. धाकटीने ते उचलून आणलं. एका मांडीवर बाळ, दुसऱ्या मांडीशी कोकरू, आणि बाळाच्याच बाटलीने ती त्याला दूध पाजू लागली. कोकरू शेपटी हलवत बाटली लुचत होतं. तिला त्याच्या डोळ्यांकडे बघवेना.

बुवा आले. त्यांनी डोळे मिटले, नाक वर केलं. "रिंगणाला बाईचा हात लागलाय," ते म्हणाले. "मोडलेल्या संसाराच्या बाईचा."

सगळ्यांच्या माना नणंदेकडे वळल्या. ती नवऱ्याचं घर सोडून आलेली, लोकरीच्या खोलीत बसून दिवसभर लोकर निवडणारी. वाऱ्याने सुटलेली दोरी तिने चिखलातून उचलून पुन्हा बांधली होती, हे चारजणांनी पाहिलं होतं. ती या छपराखाली आहे तोवर नवं रिंगण धरणार नाही, असं बुवांनी सांगितलं. सासऱ्यांनी कुणाकडेही न बघता लेकीला म्हटलं, थोडे दिवस मावशीकडे राहून ये. थोडे दिवस म्हणजे किती, ते घरातल्या भिंतींनाही ठाऊक होतं.

नणंद उठून आत गेली. ती पिशवी भरू लागली. बाळासाठी विणायला घेतलेले पायमोजे तिने धाकटीच्या हातात दिले. "एकच राहिलाय, वहिनी. टाच तेवढी तू वळव."

धाकटीच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण बोललं तर आपल्यालाही पिशवी भरावी लागेल, आणि आपल्या पिशवीबरोबर हे लेकरूही, या भीतीने तिने ते गिळलं. त्या रात्री पायमोज्याचे टाके तिने तीनदा चुकवले.

सकाळी मेलेल्या मेंढ्या तपासायला जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्या उकिडव्या बसून चिखल न्याहाळत होत्या. गर्दीसमोर बुवा दोरीवरून थरथरता हात फिरवत चालले होते, कारण विटाळलेली चिंधी शोधून जाळायची होती. फाटकावरून ते सरळ पुढे गेले. पाण्याच्या टाकीपाशी थांबले.

"हीच ती. हिला पापाचा वास येतोय."

नणंद पिशवी घेऊन पायरीवर उभी होती. तिने मान खाली घातली.

"ती नव्हे," धाकटी म्हणाली. आपला आवाज एवढा मोठा निघेल असं तिला वाटलं नव्हतं. "ती तुमचीच आहे, बुवा. माझी फाटकाजवळ आहे. झग्याच्या अस्तराची."

सासूबाई म्हणाल्या, "अगं, काय बोलतेस तू?" मग तिने सगळं सांगितलं. ताप, पाळणा, चोरी, आणि कालचं गप्प राहणंही.

बुवांना तेवढंच हवं होतं. "ऐकलंत? चोरी झाली म्हणून रिंगण तुटलं!"

"चोरी झाली तेव्हा तुटलं नाही, बुवा," डॉक्टरीणबाई गुडघे झटकत उठल्या. "त्यानंतर महिनाभर लांडगे येत होते आणि परत जात होते. अस्तर आणि मंतरलेली चिंधी यातला फरक तुम्हाला कळला नाही. लांडग्यालाही कळला नाही. आणि तो आत शिरलाय टाकीजवळ, तुमच्या स्वतःच्या चिंध्यांखालून. फाटकाशी एक पाऊल नाही. या, बघा सगळ्यांनी."

सगळे वाकले. दोरीखाली घसटत गेलेल्या पोटाचा माग होता, दोरीला राखाडी केस होते, मागच्या ठेंगण्या कुंपणावर नखांचे ओरखडे होते.

लांडगा भित्रा नसतो, सावध असतो, त्या सांगू लागल्या. नवी, वाऱ्यावर हलणारी वस्तू दिसली की तो बिचकतो. ती तांबडी असो की पांढरी, मंतरलेली असो की बाळाचं दुपटं. जुने शिकारी याच युक्तीने लांडगे कोंडत. पण तो रोज येतो, हुंगतो, चाचपतो. चिंधी चावत नाही हे त्याला काही आठवड्यांत उमगतं. "तोवर बुवा पुढच्या वस्तीला पोचलेले असतात. मागे राहिलेल्यांसाठी अपवित्र हात सांगून ठेवलेलाच असतो."

"मग आत्ताच का आला?" सासऱ्यांनी विचारलं.

"कळप म्हणजे त्यांचं घरच असतं. आई, बाप, यंदाची पिल्लं, मागल्या वर्षीची थोरली भावंडं. पिल्लं आता मोठी झालीत, त्यांची तोंडं भरायची आहेत. त्यांची आई खाल्लेलं पोटातून काढून त्यांना भरवते. तिला तुमच्याशी वैर नाही."

सासूबाईंचा एक प्रश्न उरला होता. मग बाळाचा ताप?

डॉक्टरीणबाईंनी बोट पुसून बाळाच्या तोंडात घातलं. ते कचकन चावलं. "मी जनावरांची डॉक्टर, पण आलेले दात माझ्याही बोटाला लागतात. दात येण्याच्या दिवसांत बारीकसारीक ताप येतात आणि जातात. पुन्हा भरला तर माणसांच्या डॉक्टरकडे न्या, दोरीकडे नको."

वस्ती हसली. हसू थांबेपर्यंत बुवांना दुसरीकडचं निकडीचं काम आठवलं होतं.

सासऱ्यांनी लेकीच्या हातातली पिशवी घेतली. ती आत नेऊन ठेवली. धाकटी माफी मागायला नणंदेसमोर उभी राहिली. 

"काल बोलली असतीस," नणंद म्हणाली, "तर मला रात्री झोप लागली असती, वहिनी."

रागाने म्हणाली असती तर सोपं गेलं असतं.

दुपारी दोघींनी लोकरीच्या खोलीत बसून दोरीला नव्या चिंध्या बांधायला जुनी दुपटी फाडली. हे फक्त उंच जाळी बसेपर्यंत आणि राखणीचा कुत्रा येईपर्यंत, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. कोकरू दोघींच्या मधे झोपलं होतं. पाळण्याची चिंधी धाकटीने त्याच गाठोड्यात टाकली. चिंधी ती चिंधीच.

भूक लांडग्याला होती, कुंपण ठेंगणं होतं, आणि शिक्षा नणंदेला होणार होती. तुमच्या दारीही असा एखादा बुवा येईल. तो माणसाकडे बोट दाखवील, तेव्हा आधी खाली वाकून चिखलातली पावलं बघा. आणि ठाऊक असेल ते त्याच दिवशी बोला. उशिरा बोललेलं खरं घर वाचवतं, पण कुणाची तरी एक रात्र परत देत नाही.