धुऱ्यावरचा तलवारवाला

आमच्या सासूबाईंनी तलवारवाल्याले देवळासमोर उभं केलं, तेव्हाच मले कळून चुकलं होतं की या घरात हा खेळ काही धड होणार नाही.

आधी खेळ कुठून आला ते सांगते. आमच्या ह्यांचा, म्हणजे मधुसूदनचा, मावसभाऊ रवींद्र दुबईले नोकरीले होता. सुटीवर येताना तो एक व्हिडिओ गेम घेऊन आला. "माझ्या घरी पोट्टे तोडून ठेवतीन, तुमच्याकडे राहू द्या," म्हणे, अन् धरमपेठेत आमच्या घरी ठेवून गावाले गेला. आमचा रंगीत टीव्ही तेव्हा नवाच होता. यंत्र त्याले जोडलं अन् पडद्यावर जे उमटलं ते पाहून आम्ही सारे गप्प झालो. लाल आभाळ, जळणारा महाल, खाली नदीत हलणारी त्याची सावली, अन् मधून धावणारा एक तलवारवाला. त्याचा शेला पण वाऱ्यानं उडे. बाल्कनीचं तिकीट काढून पाहावं असं काम होतं ते. अडचण एकच होती. सिनेमातला हिरो आपला आपण वाचते, याले आपल्याले वाचवा लागे.

ते काही आमच्या घरात कोणाले जमेना. सासूबाई, जिजाबाई त्यांचं नाव, खेळत नव्हत्या, पण हुकूम सोडत. नदीच्या पलीकडे एक देऊळ येई. "थांब गा मधु, नमस्कार करू दे त्याले," म्हणाल्या. ह्यांनी आईचं ऐकलं, तलवारवाला थांबला, अन् मागून एका राक्षसानं त्याले उडवला. सासूबाई म्हणाल्या, "देवाच्या दारात गेला, सोनं झालं त्याचं."

आमचे हे खेळत तेव्हा स्कूटर वळवल्यासारखे अख्खे उजवीकडे कलत. कलून तलवारवाला वाचत नसे, पण मी बोलली की राग येई. शेजारचे दत्तोपंत रोज चारच्या सुमारास चहाले येत, म्हणजे खेळाले येत. पडद्यावर बाण सुटला की हे सोफ्यावर मान खाली घालत. एकदा चहासकट घातली. धोतर मी धुतलं नाही, त्यांच्या बायकोनं धुतलं, पण बोलणी मले बसली.

खेळता येत होतं ते फक्त माझ्या नणंदेले, उत्तराले. ती शाळेत गणित शिकवे. शाळेतून आली की पदर खोचून बसे, पेरूची फोड गालात धरे, अन् दोन अंगठ्यांनी त्या बटनांच्या डबीवर असं काही करे की महाल पार, नदी पार, देऊळही पार. सासूबाईंचा नमस्कार ती त्यांनाच कराले सांगे.

पुढं मात्र एक शेत लागे. भरलेली ज्वारी, कणसं डुलून राहिलेली, इतकी खरी की कोणी पाखरं हाकलाले उठावं. तिथं दोन रस्ते होते. एक वरून, धुऱ्यानं, म्हणजे बांधावरून. दुसरा खालून, उभ्या पिकातून. धुऱ्यावर बाणवाले दबा धरून बसले राहत, तिथून गेला तो मेलाच. उत्तरा त्याले पिकातून पळवे.

"उभ्या पिकातून काहून नेते वं?" सासूबाई कळवळून म्हणत. "कोणी पेरलं असंन ते."

"आई, धुऱ्यावर मरते तो."

"मरू दे. पण लोकाचं पीक तुडवू नये."

आम्ही मूळचे शेतीवालेच. सासऱ्यांच्या नोकरीपायी शहरात आलो, पण शेत दिसलं की पाय आपोआप धुऱ्याकडे वळते.

आता खरी गोष्ट. उत्तराले एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा गिरिधर, सदर भागातल्या बँकेत. सांगून आलं हे आपलं म्हणाचं. ते दोघं आधीच लायब्ररीत एकमेकांले पाहत होते, हे मले ठाऊक होतं अन् बाकी कोणाले नाही. उत्तरा तशी बोलून दाखवणारी नाही. पण मंडळी पाहाले येणार त्याच्या आदल्या दिवशी कणीक मळता मळता म्हणाली, "वहिनी, इथं नाही जमलं तर मले दुसरं स्थळ दाखवू नका." अन् परातीत मान घातली. जमणं काही सोपं नव्हतं.

कारण गिरिधरचा बाप. मनोहरराव, काटोलकडचे संत्र्याचे बागाईतदार. माणूस मनाचा चांगला म्हणत, पण नाकावर माशी बसू देत नसे. एका मुलीकडून ते नुसते यासाठी उठून आले होते की पोह्यांची बशी त्यांच्या आधी मुलाले दिली. दुसरीकडे कोणी त्यांच्या बोलण्यावर हसलं. तिथूनही उठले. गिरिधर बापापुढं तोंड उघडत नव्हता. म्हणजे सारं त्या एका नाकावर अवलंबून.

म्हणून मी घरात बजावून ठेवलं. पोहे आधी मनोहररावांले. हसाचं नाही. अन् तो खेळ कपड्याखाली झाकून ठेवाचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मंडळी आली. मनोहरराव, त्यांची बायको प्रेमिलाबाई, अन् गिरिधर, जो सारा वेळ आपल्या बुटाकडे पाहत होता. उत्तरानं पोहे आणले, आधी मनोहररावांले दिले, नाव सांगतलं, शाळा सांगतली, आत गेली. सारं कसं सुतासारखं सरळ चाललं होतं. अन् तेवढ्यात घड्याळात चार झाले.

दत्तोपंत दारातूनच म्हणाले, "काय गा मधु, आज तलवारवाला नाही लावला?"

मी त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा असता तर भस्म झाला असता. पण दत्तोपंत बसले.

"तलवारवाला म्हणजे काय जी?" मनोहररावांनी विचारलं.

आता पाहुण्यानं विचारलं तर नाही म्हणता येते का? ह्यांनी कपडा काढला, बटन दाबलं. लाल आभाळ उमटलं, महाल पेटला. मनोहरराव खुर्चीच्या काठावर आले. प्रेमिलाबाईंचा पदर तोंडाशी गेला. गिरिधरनं पहिल्यांदा मान वर केली.

"हे आपल्याले चालवता येते?"

"हो जी. घ्या ना."

घेतली डबी. अन् पहिल्याच खड्ड्यात पडले. पुन्हा घेतली, पुन्हा पडले. मग महालाचं जळतं लाकूड डोक्यात पडलं. मग काहीच पडलं नाही, तरी मेले, ते कसं हे अजून कोणाले कळलं नाही. हातातली डबी ते बैलाचा कासरा ओढावा तशी ओढत होते. प्रेमिलाबाई हळूच म्हणाल्या, "घरी बैल ऐकतात हो ह्यांचं." अन् दत्तोपंत हसले.

मनोहररावांचे कान लाल झाले. त्यांनी डबी टेबलावर ठेवली अन् धोतराचा सोगा हाती घेतला. उठाची ती तयारी मले दिसली. मुलीकडच्यांनी व्याह्याले हरू द्यावं कसं? पत्ते असते, कॅरम असता, तर आम्ही सारे आनंदानं हरलो असतो. पण त्या यंत्राले कोण सांगणार की हा वरपक्ष आहे, याचा मान ठेवाचा असते?

तेव्हा माझं डोकं चाललं. या घरात ते बरेचदा चालते, कोणी म्हणत नाही ती गोष्ट वेगळी.

यंत्राले दोन डब्या होत्या. एकटा माणूस खेळत असला की दुसरी नुसती शोभेची. मी पुढं झाली. "काकाजी, ही डबी गरम झाली आहे, म्हणून ऐकत नाही. ही दुसरी घ्या." शोभेची त्यांच्या हाती दिली. खरी उचलली अन् वायरसकट माजघराच्या दाराच्या पडद्याआड सरकवली. टीव्ही त्या दाराले लागूनच होता. पडद्यामागं उत्तरा पाटावर बसली होती, फटीतून सारं पाहत. मी काही बोलली नाही. तिनं डबी घेतली.

मग काय सांगू. तलवारवाला खड्डा ओलांडून गेला. जळतं लाकूड चुकवलं. पुलावर दोघांले आडवं केलं. मनोहरराव बटनं दाबून राहिले होते अन् त्यांचा चेहरा फुलून राहिला होता. "आता आलं ध्यानात," म्हणे. "नवीन बैल असाच असते, थोडा वेळ घेते." दत्तोपंतांनी तोंड उघडलं, पण ह्यांनी त्यांच्या तोंडापुढं लाडवाची बशी धरली. सासूबाईंनी देवळाले घरूनच हात जोडले. मले वाटलं, घोडं गंगेत न्हालं.

अन् सासूबाईंनी पानाचं तबक पुढं केलं.

मनोहररावांनी डबी मांडीवर ठेवली. सुपारी घेतली. अडकित्ता घेतला. कातरू लागले. पडद्यावर तलवारवाल्यानं उडी मारली, एका राक्षसाले कापलं, अन् पुढं धावला.

अडकित्ता थांबला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मांडीवरच्या डबीकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग नजर हळूहळू वायरीवरून गेली. एक वायर त्यांच्या मांडीवर येत होती. दुसरी दाराच्या पडद्याखालून आत गेली होती.

गिरिधरचा चेहरा पांढरा पडला. पोरीचा जन्म मी माझ्या शहाणपणानं मातीत घातला, असं मले वाटलं, अन् ह्यांच्याकडे पाहाचीही हिंमत झाली नाही.

मनोहररावांनी सुपारी तोंडात टाकली. डबी उचलली. पुन्हा बटनं दाबाले लागले, जसं काही झालंच नाही. चेहऱ्यावरून काही कळेना. तेवढ्यात शेत आलं. भरलेली ज्वारी, वर धुरा, खाली पीक.

"धुऱ्यानं घे," ते म्हणाले. कोणाकडे पाहून म्हणाले नाहीत. नुसतं म्हणाले.

तलवारवाला जागच्या जागी थांबला. आम्ही सारे थांबलो. मग पडद्याची कडी वाजली अन् उत्तरा बाहेर आली. हातात खरी डबी, पदर खोचलेला. मुलगी दाखवून झाल्यावर न बोलावता बाहेर येत नाही, हे तिले मी सांगाले पाहिजे काय? पण आली.

"काकाजी, धुऱ्यावर बाणवाले आहेत," ती म्हणाली. "तिथून गेला का मरते. पिकातून न्यावं लागते."

"उभ्या पिकातून?"

"हो जी. मी रोज तिथूनच नेते. आवडत नाही, पण जिंकाचं असलं तर दुसरा रस्ता नाही."

मनोहररावांनी तिच्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदा नीट पाहिलं म्हणा ना. पोह्यांच्या वेळी त्यांनी बशीकडेच पाहिलं होतं.

"माह्या बापानं कधी उभ्या पिकात पाय नाही घातला," ते म्हणाले. "मीही नाही घातला. आता या वयात खेळात कायले घालू? मरू दे गा त्याले. धुऱ्यानं घे."

उत्तरानं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग ती खाली सतरंजीवर त्यांच्या पायाशी बसली अन् तलवारवाल्याले धुऱ्यावर चढवलं. काय धावला तो. मागं लाल आभाळ, खाली डुलणारी ज्वारी, शेला उडून राहिलेला. बाण आले. दत्तोपंत सोफ्यावर वाकले. एक बाण चुकवला, दुसरा चुकवला, तिसरा छातीत बसला. तलवारवाला धुऱ्यावर आडवा झाला अन् आभाळ अंधारलं.

"मेला," उत्तरा म्हणाली.

"मेला," मनोहरराव म्हणाले. "पण पीक नाही तुडवलं."

अन् हसले. आधी ते हसले, मग ती हसली, मग सासूबाई. हसाचं नाही असं मी बजावलं होतं, पण आता कोणाले धरू? मले तर रडू आलं. मी कपबशा उचलाचं निमित्त करून आत गेली.

होकार त्यांनी बसल्या जागी दिला नाही. इतकं सोपं नाक नव्हतं ते. निघताना दारात वहाणा घालता घालता थांबले. उत्तरा पाया पडाले वाकली.

"पोरी," म्हणे, "आमच्या घरी आली का एक करजो. मले जिंकवाचं नाही. घरात सारेच मले जिंकवून राहिले आहेत, या गिरिधरपासून. तू मले खेळाले शिकवजो."

उत्तराचे डोळे भरले होते. तरी बोलली.

"शिकवीन, काकाजी. पण मग पिकातून न्यावं लागंन."

मनोहररावांनी वहाण नीट केली. "ते पाहू," म्हणाले.