दुसरी सही

आमची ऑपरेटिंग सिस्टीम कुठल्या कंपनीची नाही. आपापल्या नोकऱ्या सांभाळून, फुकटात, आम्हीच ती चालवत आलो. आता उरलो दोघे, मी एन्नो आणि फोल्कमार. बाकीचे काही मेले, काही आमच्या खवचटपणाला कंटाळून गेले. गावोगावच्या शाळांत, वाचनालयांत ती अजून चालते, पण तिथे आमचं नावही कुणाला ठाऊक नाही.

नवा माणूस घ्यायचा तर दोन जुन्या सभासदांनी त्याला समोरासमोर भेटायचं, ओळखपत्र तपासायचं आणि मगच आपापल्या संगणकावरून त्याच्यासाठी सही करायची. जो सोडून गेला, त्याची सही बाद. एकदा आत आलेला माणूस हजारो मशिनांत काहीही घुसवू शकतो, म्हणून एवढा कडक नियम.

ब्रेमेनची स्वांत्ये बरेच दिवस बाहेरून आमच्या चुका निस्तरत होती. फोल्कमार आता इस्पितळातून परत येत नाही हे कळल्यावर मी तिला घेऊन तिकडे गेलो. त्याच्या उशाशी लॅपटॉप होताच. नाकात नळी, तरी चष्मा लावून त्याने तिचं ओळखपत्र उलटसुलट पाहिलं.

"मुदत संपलीय."

"नव्यासाठी अर्ज केलाय मी," स्वांत्ये म्हणाली.

"मग नवं मिळालं की ये."

माझं डोकं फिरलं. "अरे, थोबाड तर तेच आहे ना तिचं!"

"आज हिचं चालवून घेतलं की उद्या कुणाचंही चालेल. म्हातारी मेल्याचं दुःख नाही एन्नो, काळ सोकावतो."

"इथे म्हातारा मरतोय, गाढवा!"

तो हसला, खोकला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

नवं ओळखपत्र यायच्या आतच तो गेला. मला आधी त्याचा संताप आला, मग रडू आलं.

दफनानंतर सगळे कॉफी-केकला बसले, तेव्हा मी स्वांत्येला कोपऱ्यात घेतलं. "खड्ड्यात गेला तो नियम. माझ्या एकट्याच्या सहीवर घेतो तुला. विचारणारं आहे कोण आता?"

"मी आहे ना."

"म्हणजे?"

"एका म्हाताऱ्याच्या मनात आलं म्हणून कुणालाही आत घेतात, अशी सिस्टीम मी माझ्या आईच्या मशीनवर ठेवणार नाही." तिचे डोळे भरले होते. "काढून टाकेन, एन्नो."

आमच्यात घ्यावं असं माणूस इतक्या वर्षांत हे एकच भेटलं, आणि तिला आत घ्यायला मी एकटा पुरत नव्हतो.