कोऱ्या फॉर्मवरची तारीख

देवमन तायडे यांनी आयुष्यात चैन केली ती एकच: काळी स्पोर्ट्स सेडान. नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात तीस वर्षं यंत्रं सांभाळून निवृत्त होताना ती घेतली, आणि ऐंशीच्या वर कधी पळवली नाही. "शर्यतीचा घोडा आनून टांग्याले जुंपला यायनं," असं त्यांच्या पत्नी पंचफुलाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. चौदा वर्षांत एकही दंड नाही, याचा देवमनरावांना गाडीपेक्षा जास्त अभिमान होता.

शेवटच्या दुखण्यात त्यांनी मुलीकडून, नीलमकडून, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म मागवले आणि सह्या करून ठेवल्या. घेणाऱ्याचं नाव कोरं, तारीख कोरी. आपल्यामागे पोरीला आरटीओच्या चकरा नकोत, एवढंच मनात. सगळे असंच करतात.

ते गेल्यावर दोन महिने गाडी अमरावतीतल्या घरासमोर कव्हरखाली होती. दार उघडलं की अजून त्यांच्या बामचा वास यायचा. शेवटी नीलमने जाहिरात दिली. गाडी जपणाऱ्यालाच द्यायची, असं तिने ठरवलं होतं.

अकोल्याहून शेखर नावाचा माणूस आला. त्याने बोनेट उघडलं नाही, सर्व्हिसची फाइल चाळली नाही, चालवूनही पाहिली नाही. कागद मागितले आणि मालक कुठे आहेत, असं विचारलं. ते वारले, असं नीलमने सांगितलं.

"मंग तं बरंच हाय," तो म्हणाला. मग घाईने, "म्हंजे, दुखन्यातून सुटले, ताई."

पंचफुलाबाई चहा टाकत होत्या. त्यांनी गॅस बंद केला आणि दारात आल्या. "याले नको देऊ."

पण रोज सकाळी खिडकीतून ते कव्हर पाहणं नीलमला आता सोसवत नव्हतं. घेणाऱ्याचं नाव मी घालतो, असं शेखर म्हणाला, तेही तिने चालवून घेतलं. तारीख मात्र तिने स्वतः लिहिली, त्या दिवशीची. बाबांच्या सहीखाली, बाबा गेल्यानंतरची. पेन क्षणभर अडखळलं, इतकंच.

बाबांचा फोन तिने चालू ठेवला होता. तिसऱ्या दिवशी त्यावर चलन आलं. मूर्तिजापूरजवळ, वेग एकशे अडतीस. फोटोतल्या काचांवर काळी फिल्म होती. नाव, देवमन तायडे. दोन दिवसांनी एकशे बावन्न.

पंचफुलाबाईंनी फोटो बराच वेळ पाहिला. "कुठी चालले हे एवढ्या घाईनं?" त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

शेखरचा फोन बंद होता. नीलम बसने अकोल्याला गेली. त्याने दिलेल्या पत्त्यावर पिठाची गिरणी निघाली. गिरणीवाल्या गंगूबाईंनी दळणावरची नजरही न काढता सांगितलं, की या महिन्यात शेखरला विचारत आलेली ती चौथी.

परतीच्या बसमध्ये बाबांचा फोन वाजला. पोलीस ठाण्यातून होता.

"देवमन तायडे बोलून राहिले काय?"

मुलगी बोलतेय, असं तिने सांगितलं.

"काळी गाडी त्याईचीच ना? सकाळी एका मानसाले उडवून पळाली. त्याईले घेऊन या ठाण्यात."

तो माणूस जगेल का, असं तिने विचारलं. डॉक्टर काही सांगत नाहीत, असं उत्तर आलं.

बाबांनीच हयातीत विकली म्हटलं की ती सुटत होती. मेलेल्याला कोण विचारायला जातं? सही तर त्यांचीच होती, आणि तारीख घातलेला कागद शेखरबरोबर गायब होता. तिला खाली वर्तमानपत्र धरून सही करताना हलणारा त्यांचा हात आठवला, आणि सही झाल्यावर ते म्हणाले होते ते, "झालं बाई, आता तुले त्रास नाही."

"बाबा दोन महिन्यांपूर्वीच गेले, साहेब," ती म्हणाली. "सही त्यांची आहे. तारीख मी घातली. गाडी मी विकली."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. "पूर्ण नाव सांगा."

"नीलम देवमन तायडे."

कानाशी धरलेला फोन थरथरला. तिने तो खाली घेऊन पाहिला. नवं चलन होतं. एकशे एकसष्ट, अमरावतीच्या दिशेने. नाव अजून बाबांचंच होतं.