दाबून धरलेलं बटण

"सोडा बाबा. अहो, सोडा ना ते बटण."

धाकट्याचं बोलणं संपेपर्यंत कॉम्प्युटरचा पंखा गरगरून थांबला होता. पडदा काळा. बाबांचा अंगठा अजून बटणावरच.

तो अंगठा बघून धाकट्याला शिसारी आली. पिवळं पडलेलं जाड नख. पेपराची पानं उलटायला बाबा तो सारखा जिभेला लावायचे आणि तोच ओला अंगठा मग कॅबिनेटच्या बटणावर. बटणाभोवती काळपट, चिकट कडं धरलं होतं. धाकटा ते स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा आणि बोळा चिमटीत धरून, नाक वळवून टाकून यायचा.

कॉम्प्युटर त्यानेच जोडला होता. कुणी शिकवलं नव्हतं. व्हिडिओ बघायचे, चुकायचं, परत खोलायचं. कॅबिनेट जुन्या बाजारातलं. आत झुरळांची अंडी आणि कुणाच्या तरी सिगारेटींचा राप. ओकारी दाबत धुतलं ते. का, तर ताई लग्नानंतर लांब गेली होती, आणि रविवारी दुपारी ती पडद्यावर दिसणार होती. बाबांची अट एकच होती. मशीन मी चालू करणार, मला कुणाच्या तोंडाकडे बघत बसायला लावायचं नाही.

आणि नेमकं तेवढंच त्यांना जमत नव्हतं. बटण दाबून लगेच सोडायचं असतं. चार सेकंद धरून ठेवलं की मशीन मुकाट बंद पडतं, ते बनवलंच तसं आहे. बाबा धरून ठेवायचे. जन्मभर लिफ्ट चालवलेला माणूस. त्यांच्या लिफ्टचं हँडल मजला येईपर्यंत दाबून धरावं लागायचं. सोडलं की लिफ्ट अधांतरी. हाताला तेच वळण. समजावलं की मान डोलवायचे, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

त्या रविवारी चारदा बंद पडलं. ताईची कामाची पाळी होती, ती वाट बघून निघून गेली. बाबा अंगठा शर्टाला पुसत राहिले. आता शर्टालाही ते, असं धाकट्याच्या मनात आलं.

बाबा झोपल्यावर त्याने कॅबिनेट उघडलं. बटणाची दोन पिनांची वायर मदरबोर्डावरून उपटली आणि आत कोपऱ्यात कोंबली. मग बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळातल्या सेटिंगांत जाऊन एक सेटिंग बदललं. वीज आली की आपोआप चालू हो. बस. भिंतीवरचा स्विच पुरे.

"नवीन सेटिंग टाकलंय," त्याने बाबांना सांगितलं. "आधी भिंतीवरचा स्विच, मग तुमचं बटण. हवं तेवढं दाबून धरा."

बाबांनी दाबलं. धरलं. पडदा उजळला, ताई आली, तिकडून हात हलवत हसली. धाकटा स्वतःवर खूश. बाबाही खूश, असं त्याने ठरवून टाकलं.

काही आठवड्यांनी एका रविवारी दुपारी तो बोळा घेऊन बसला, तर पुसायला काही नव्हतं. बटण कोरडं. वर धुळीचा पातळ थर.

"बाबा, बटण दाबत नाही का तुम्ही?"

"कशाला? मेलंय ते."

"कुणी सांगितलं?"

"बोटाला कळतं रे." बाबांनी पेपराचं पान उलटलं, आधी अंगठा जिभेला. "आमच्या लिफ्टचं पण असंच केलं होतं. ऑटोमॅटिक बसवली, लोक आपापली बटणं दाबायला लागले. मला काढायचं कसं, म्हणून माझं हँडल तसंच ठेवलं. आतून तोडलं नुसतं. रिटायर होईपर्यंत मी ते धरून उभा होतो."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. साहेब लोक भले होते. म्हणायचे, सांभाळून न्या हं. मी म्हणायचो, हो." पान पुन्हा उलटलं. "किळस यायची मला माझ्या त्या 'हो'ची."

धाकटा हातातल्या बोळ्याकडे बघत राहिला. स्पिरिटचा वास नाकात चढला होता. किळस आली होती, आणि या वेळी अंगठ्याची नाही.

त्याने स्क्रू काढले. कोंबलेली वायर शोधून पिनांवर बसवली. बायोसमधलं सेटिंग परत होतं तसं केलं. बाबा पेपर खाली घेऊन सगळं बघत होते.

"दाबा," तो म्हणाला.

बाबा उठले. अंगठा टेकवला. पंखा फिरला, दिवा लागला, आणि बाबांनी नकळत मान वर केली, दाराच्या चौकटीवर, जिथे लिफ्टमध्ये मजल्यांचे आकडे लागायचे. अंगठा दाबलेलाच. एक, दोन, तीन, चार. मशीन बंद.

"परत," बाबा म्हणाले.

धाकट्याच्या खिशात फोन थरथरत होता. ताई असणार. त्याने तो उचलला नाही. स्टूल ओढून बाबांच्या शेजारी बसला. बाबांनी अंगठा जिभेला लावला आणि बटणावर ठेवला.